एकच विंडोज ११ प्रो विकत घेऊन ऑफिसातल्या ९ कॉम्प्युटरवर टाकलं तर चालतं का?

बार्शीकर

नमस्कार मंडळी. काकांचं बार्शीत टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस आहे, जीएसटी रिटर्न, इन्कम टॅक्स, एक-दोन पतसंस्थांची अकाउंट्स असं काम चालतं, आणि घरात मला कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं म्हणून तिथल्या सगळ्या मशीनचं बघायचं काम माझ्याकडे आलंय. एकूण ९ मशीन. त्यातली ५ ब्रँडेड, घेतानाच त्यात विंडोज होम होतं (दोनात १०, तिनात ११). ३ असेंबल केलेली २०१९ मधली, नवव्या जनरेशनचा आय३, सगळ्यात विंडोज १० प्रो, ते कुणी आणि कुठून टाकलं ते आता ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही. आणि एक जुनं ब्रँडेड, कॅबिनेटवर विंडोज ७ प्रोफेशनलचं स्टिकर आहे, २०१६ च्या सुरुवातीला फुकट अपग्रेड मिळत होतं तेव्हा त्यावर १० आलं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून आता सगळं नीट करून घ्यायचं ठरवलंय. एक व्हेंडर म्हणतो विंडोज ११ प्रोचा एकच बॉक्स घ्या, त्याच पेनड्राइव्हने नऊही मशीनवर मारून देतो, आणि जिथे अ‍ॅक्टिव्हेट नाही होणार तिथे ५०० रुपयात व्हॉट्सअ‍ॅपवर की पाठवतो, शंभर टक्के ओरिजिनल. दुसरा म्हणतो असं काही नसतं, ऑफिसात होम चालतच नाही, नऊच्या नऊ प्रो नवीन घ्यावे लागतील. पहिल्याचं ऐकावं तर भीती वाटते आणि दुसऱ्याचं ऐकावं तर खर्च झेपत नाही.

नियम नक्की काय आहे? आणि एक मशीन सगळं सेट करून त्याची इमेज (पूर्ण ड्राइव्हची हुबेहूब प्रत) बाकीच्यांवर क्लोन केली तर चालेल का? लोकांचे पॅन, आधार, डिजिटल सिग्नेचर सगळं या मशीनवर असतं त्यामुळे मला यात कुठेही गडबड नकोय.

दुरुस्तीवाला_नाशिक

भाऊ, दोघंही अर्धवट सांगतायत. मी हार्डवेअरच्या धंद्यात आहे आणि हा प्रश्न माझ्या काउंटरवर सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा: पेनड्राइव्ह, की आणि लायसन्स. पेनड्राइव्हला काही किंमत नाही, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल फुकट उतरवा, एकच पेनड्राइव्ह बनवा आणि पन्नास मशीनवर वापरा, कुणी विचारणार नाही. की म्हणजे फक्त ते २५ अक्षरं-आकडे, अ‍ॅक्टिव्हेट करायला लागतात तेवढंच. आणि लायसन्स म्हणजे परवानगी, ती एका मशीनची असते. तुम्ही दुकानातून जो बॉक्स घ्याल त्याच्या अटीत स्पष्ट आहे की एका डिव्हाइसवर एक कॉपी. म्हणजे ९ मशीन, ९ लायसन्स. टॅलीचं जसं सिल्व्हर एकाच युजरचं आणि गोल्ड घेतलं की लॅनवर सगळे, तसं विंडोजमध्ये गोल्ड नाहीच असं समजा.

पण ९ लायसन्स लागतात म्हणजे ९ नवीन घ्यावी लागतात असं नाही! तुमच्या ५ ब्रँडेड मशीनचे पैसे काकांनी मशीन घेतानाच भरलेत. ते ओईएम लायसन्स, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीने मशीनसोबत दिलेलं. विंडोज ८ पासून (२०१२) त्याची की कंपनीच मदरबोर्डच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) घालून देते, त्यामुळे फॉरमॅट मारून कोरं विंडोज टाकलं तरी ते आपोआप होम उचलतं आणि नेटला जोडलं की अ‍ॅक्टिव्हेट होतं, की विचारतसुद्धा नाही. ज्या दोनात १० आहे ती हार्डवेअरमध्ये बसत असतील तर ११ चं अपग्रेड फुकट आहे, त्याला वेगळं लायसन्स लागत नाही.

ओईएमची एकच अडचण, ते त्या मशीनला कायमचं चिकटलेलं असतं. मशीन भंगारात गेलं की लायसन्सही गेलं, काढून दुसऱ्या मशीनला लावता येत नाही. मदरबोर्ड वॉरंटीत खराब झाला म्हणून कंपनीने बदलून दिला तर चालतं, पण तुम्ही हौसेने नवीन बोर्ड टाकला तर ते नवीन मशीन धरतात. रिटेल बॉक्स महाग पडतो पण तो एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतो, एका वेळी एकाच ठिकाणी.

असेंबल मशीनमध्येच खरी गोम आहे. असेंबल करणाऱ्याने विंडोज दिलं असेल तर ते बिलावर वेगळ्या ओळीत दिसायला पाहिजे. नुसतं कॅबिनेट, बोर्ड, रॅम, हार्डडिस्क लिहिलंय आणि विंडोजचा उल्लेख नाही तर समजून जा. जुनी बिलं शोधा आधी.

सिस्टीमवाला_ठाणे

वरच्यांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त तपासायचं कसं ते सांगतो कारण अंदाजाने काही विकत घेऊ नका.

प्रत्येक मशीनवर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'एसएलएमजीआर', मग एक स्पेस, मग स्लॅश 'डीएलआय' असं इंग्रजीत टाइप करा. छोटी खिडकी येईल, त्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत चॅनल लिहिलेला असतो. ओईएम डीएम असेल तर की बायॉसमधली आहे, निवांत राहा. रिटेल असेल तर बॉक्स किंवा ऑनलाइन खरेदी असू शकते, बिल शोधा. व्हॉल्यूम एमएके असेल तर ती कुठल्यातरी कंपनीची किंवा कॉलेजची एकगठ्ठा घेतलेली की आहे, तुमच्या काकांच्या नावावर तसा करार नसेल तर ती तुमची नाही, मग ती कितीही छान अ‍ॅक्टिव्हेट झालेली असो. आणि व्हॉल्यूम केएमएस क्लायंट असेल तर सावध. केएमएस म्हणजे मोठ्या कंपन्या स्वतःचा सर्व्हर ठेवतात आणि बाकी मशीन त्याच्याकडून अ‍ॅक्टिव्हेशन घेतात, ते १८० दिवस टिकतं आणि मशीन मधून मधून जाऊन रिन्यू करतं. विंडोजच्या डेस्कटॉप मशीनसाठी तो सर्व्हर किमान २५ कॉम्प्युटर जोडल्याशिवाय कामच करत नाही. तुमच्याकडे ९ मशीन, डोमेन (सगळ्या मशीनचं एका जागेवरून नियंत्रण) नाही, सर्व्हर नाही, मग केएमएस आलं कुठून? तर कुणीतरी अ‍ॅक्टिव्हेटर नावाचं टूल चालवलंय.

आणि इथे लायसन्सपेक्षा मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. असली टूल चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, डिफेंडरमध्ये (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये) अपवाद घालून ठेवतात, आणि ते टूल अ‍ॅडमिनच्या अधिकाराने मशीनवर बसतं. ज्या मशीनला क्लायंटच्या डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागतं त्या मशीनवर असं काहीतरी असणं मला अजिबात मान्य होणार नाही.

५०० रुपयांच्या कीबद्दल. त्या बहुतेक अशाच एमएके, किंवा शिक्षणसंस्थांना मिळालेल्या, किंवा भंगारात गेलेल्या मशीनवरून काढलेल्या असतात. आज हिरवी टिक दिसते, सहा महिन्यांनी मायक्रोसॉफ्टने ती की ब्लॉक केली की टिक गेली, आणि व्हेंडर फोन उचलत नाही. अ‍ॅक्टिव्हेशन ही सर्व्हरने केलेली तांत्रिक तपासणी आहे, त्याने तुमच्या हातात हक्क येत नाही. हक्काचा कागद म्हणजे बिल, सोबत स्टिकर किंवा बॉक्स.

'ऑफिसात होम चालत नाही' हे चूक आहे. विंडोज होमच्या अटीत धंद्यासाठी वापरू नका असं कुठे लिहिलेलं नाही. (ऑफिस होम अँड स्टुडंट नावाचं जे वर्ड-एक्सेलचं पॅकेज होतं त्यात तशी अट होती, तिथून हा गोंधळ पसरला असावा.) होममध्ये डोमेन जोडता येत नाही, ग्रुप पॉलिसी (मशीनवर नियम लादायची सोय) नाही, बाहेरून रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर येता येत नाही. हे लागत नसेल तर पाच मशीन आहेत तशी राहू द्या.

बार्शीकर

दोघांचेही मनापासून आभार, एवढं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. काल रात्री सगळ्या मशीनवर ती कमांड चालवली. पाचही ब्रँडेडवर ओईएम डीएम आलं. असेंबलमधल्या दोनावर व्हॉल्यूम केएमएस क्लायंट, खाली एक्स्पायरीची तारीखपण दिसतेय, आणि डिफेंडरमध्ये खरंच एका फोल्डरला अपवाद घातलेला सापडला. तिसऱ्यावर रिटेल आलं आणि काकांच्या फाईलमध्ये २०१९ चं विंडोज १० प्रोचं बिल मिळालं, बॉक्सपण माळ्यावर आहे. जुन्या विंडोज ७ वाल्यावरपण रिटेल दाखवतंय, की ची शेवटची अक्षरं ३व्ही६६टी. ते जुनं मशीन ११ ला चालणारच नाही, मग त्याचं रिटेल लायसन्स काढून केएमएसवाल्या एका मशीनला लावता येईल का? म्हणजे एक तरी वाचेल.

अजून एक, टॅलीचा डेटा एका असेंबल मशीनवर शेअर केलाय आणि बाकीचे लॅनवरून वापरतात, त्याला वेगळं सर्व्हर लायसन्स लागतं का?

सिस्टीमवाला_ठाणे

छान केलंत तपासून. जुन्या मशीनचं मात्र नाही जमणार, आणि हे जरा समजून घ्या कारण इथे भले भले फसतात. २९ जुलै २०१५ ते २९ जुलै २०१६ या वर्षात जे फुकट अपग्रेड मिळालं त्यात मशीनला स्वतःची की मिळालीच नाही, डिजिटल लायसन्स मिळालं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या हार्डवेअरची नोंद. मशीनमध्ये जी की दिसते ती सगळ्या प्रो मशीनला एकच असते, ३व्ही६६टी ने संपणारी, आणि तिचा चॅनल रिटेल दिसतो. पण मुळात स्टिकरवरचं विंडोज ७ ओईएम होतं, त्यामुळे त्यावर मिळालेलं १० पण त्याच मशीनपुरतं. स्टिकरवरची ७ ची की दुसऱ्या मशीनवर टाकून १० किंवा ११ अ‍ॅक्टिव्हेट करायची पळवाटही सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केली.

२०१९ चं बिल आहे ते मात्र सोनं आहे. ते मशीन थेट ११ वर न्या, लायसन्स तेच चालतं. नववं जनरेशन आहे म्हणजे प्रोसेसर यादीत बसतो, तरी 'टीपीएम २.० नाही' (ही सुरक्षेची चिप) असं म्हणालं तर घाबरू नका, बायॉसमध्ये इंटेल पीटीटी नावाचा पर्याय बंद असतो तो चालू करा, सिक्युअर बूटही बघा. उद्या हे मशीन मोडीत काढलंत तर आधी त्यावर 'एसएलएमजीआर स्लॅश यूपीके' ने की काढा आणि मग नवीन मशीनवर घाला.

म्हणजे खरेदी उरली फक्त दोन केएमएसवाल्या मशीनची. तिथे फॉरमॅटच करा, नुसतं टूल डिलीट करून भागवू नका. डेटाचा बॅकअप घ्या, हार्डडिस्कवरची सगळी पार्टिशन उडवा आणि कोरं ११ टाका. इथे होम घेतलं तरी चालतंय का ते काकांना विचारा, टॅलीचा डेटा ज्या मशीनवर आहे तिथे प्रो बरं.

टॅलीच्या शेअरिंगचं: विंडोज १० आणि ११ च्या अटीत फाईल आणि प्रिंटर शेअरिंगसाठी दुसरी २० पर्यंत डिव्हाइस जोडायला परवानगी आहे, तुमची आठ आहेत, वेगळं सर्व्हर लायसन्स नको. पण रिमोट डेस्कटॉपने एकाच मशीनवर एकाच वेळी तीन-चार जणांना बसवायचा जो जुगाड यूट्यूबवर दाखवतात तो अटीत बसत नाही, एका वेळी एकच माणूस. तसं काम हवं असेल तर विंडोज सर्व्हर आणि त्यावर माणशी किंवा मशीनमागे अ‍ॅक्सेस लायसन्स घ्यावी लागतात, तो वेगळाच खर्च आहे.

आणि क्लोनिंग. ब्रँडेड होम मशीनची इमेज काढून दुसऱ्या मशीनवर टाकायची परवानगी ओईएमच्या अटीत नाही, तुमची पाचही सारखी असली तरी. तो हक्क व्हॉल्यूम लायसन्सवाल्यांना असतो, आणि तोसुद्धा त्याच एडिशनपुरता, म्हणजे प्रोची इमेज फक्त प्रो लायसन्स असलेल्या मशीनवर, आणि व्हॉल्यूममध्ये होम नसतंच. पाच मशीनसाठी एवढा खटाटोप नको, एकाच पेनड्राइव्हने पाचही करा, एका दिवसात होतात. त्याच मशीनची इमेज त्याच मशीनसाठी बॅकअप म्हणून ठेवा, ती ठेवलीच पाहिजे.

दुरुस्तीवाला_नाशिक

व्हॉल्यूमचा विषय निघाला म्हणून एक सांगतो, कारण व्हेंडर आता ते विकायला येतील. व्हॉल्यूमचं विंडोज प्रो हे नावातच अपग्रेड आहे. खाली आधीचं अधिकृत विंडोज असेल तरच ते वैध धरतात. असेंबल मशीनवर खाली काहीच नसेल आणि वरून व्हॉल्यूम अपग्रेड घेतलंत तर पैसे जाऊनही लायसन्स अपुरंच. अशा मशीनसाठी गेट जेन्युइन म्हणून वेगळं लायसन्स मिळतं, नाहीतर सरळ रिटेल पूर्ण लायसन्स घ्या. दोन मशीनसाठी मी रिटेलच सुचवेन, पुढे मशीन बदललं तरी लायसन्स हातात राहतं. बिल फर्मच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घ्या.

कोर्टाच्या_पायरीवरून

मी संभाजीनगरला वकिली करते. वरची तांत्रिक चर्चा वाचली, खूप उपयोगी आहे, कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते.

आपल्याकडे कॉम्प्युटर प्रोग्रॅमला कॉपीराइट कायदा १९५७ लागू होतो, कायद्याच्या भाषेत ती साहित्यकृतीच धरली जाते. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब आलं. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत आहे हे माहीत असून जो ती कॉम्प्युटरवर वापरतो त्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि किमान ५० हजार ते २ लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, पण तुमचं ऑफिस म्हणजे धंदाच, ती सवलत मिळणार नाही. कलम ६४ खाली फौजदार किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय बेकायदा प्रती जप्त करता येतात. कंपनी किंवा फर्म असेल तर कलम ६९ प्रमाणे त्या वेळी कारभार बघणारी व्यक्तीही जबाबदार धरली जाते. टॅक्सच्या ऑफिसात फायलिंगच्या तारखेच्या तोंडावर मशीन जप्त झाली तर काय होईल याचा विचार करा.

'माहीत असून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आधी कुणी टाकलं हे माहीत नव्हतं असं काका आजवर म्हणू शकत होते, आता तुम्ही तपासलंय, तुम्हाला कळलंय. त्यामुळे ती दोन मशीन पुढच्या महिन्यावर ढकलू नका. दुसरीकडे, कायद्याने जे तुमचं आहे त्याला घाबरायचंही कारण नाही: कलम ५२ मध्ये, अधिकृत प्रत ज्याच्याकडे आहे त्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप प्रत ठेवायची मुभा दिलेली आहे.

एक फाईल करा. मशीनचा सिरियल नंबर, त्यासमोर लायसन्सचा प्रकार, बिलाची प्रत, स्टिकरचा फोटो. ब्रँडेड मशीनची बिलंही त्यात लावा, कारण विंडोजचा पुरावा म्हणून तेच लागणार.

पेंग्विन_पुणे

जुन्या विंडोज ७ वाल्या मशीनचं पुढे काय करायचं ते कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. त्यावर विंडोज १० चालू ठेवायचं तर धंद्यासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर, आणि दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. एवढ्या जुन्या मशीनवर तो खर्च करू नका. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाका, मिंट किंवा उबुंटू. तिथे हा नऊ लायसन्सचा प्रश्नच येत नाही, जीपीएलसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये कितीही मशीनवर टाका, कॉपी करून शेजाऱ्याला द्या, क्लोन करा, सगळ्याला लेखी परवानगी आहे. केरळात सरकारी शाळांच्या लॅब वर्षानुवर्षं याच्यावर चालतात, आपल्या सी-डॅकचंही बॉस नावाचं लिनक्स आहे. मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग आत असतंच, लिब्रेऑफिस मराठीत वापरता येतं.

पण लिनक्समध्ये सगळंच 'फुकट आणि अमर्याद' आहे असंही नाही हे लक्षात ठेवा. उबुंटू स्वतः मोफत आहे, उबुंटू प्रो नावाचा वाढीव सपोर्ट मात्र ५ मशीनपर्यंतच मोफत, त्यापुढे पैसे. रेड हॅट तर सबस्क्रिप्शनवरच चालतं. आणि तुमच्या कामात टॅली विंडोजवरचं, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे ड्रायव्हर लिनक्सवर कधी त्रास देतात, त्यामुळे हे मशीन रिटर्न भरायला वापरू नका. मेल, स्कॅनिंग, पत्रं टाइप करणं, पोर्टलवर स्टेटस बघणं याला ते अजून तीन-चार वर्षं आरामात जाईल, हार्डडिस्क काढून एसएसडी मात्र टाका.

बार्शीकर

मॅडम, तुमचं वाचून काकांना दाखवलं, त्यांनी लगेच दोन मशीन बंद करायला लावली. पहिल्या व्हेंडरला नाही सांगितलं, दोन रिटेल प्रोची ऑर्डर फर्मच्या नावाने दिलीये, तोपर्यंत त्या मशीनवर बसणाऱ्या दोघी मुली ब्रँडेडवर शिफ्ट लावून काम करतील. जुन्यावर मिंट टाकायला रविवारी बसतोय.

शेवटचं एकच विचारतो. पुढच्या वर्षी ब्रँडेडपैकी एक मशीन आतेबहिणीला कॉलेजसाठी द्यायचा विचार आहे. त्याचं विंडोज काढून द्यावं लागेल का?

दुरुस्तीवाला_नाशिक

नाही, उलट ते मशीनबरोबरच जायला पाहिजे. ओईएम लायसन्स मशीनसोबत नव्या मालकाकडे जातं, फक्त मशीनपासून वेगळं करता येत नाही. काकांचा मायक्रोसॉफ्ट अकाउंट त्यातून साइन आउट करा, ड्राइव्ह पूर्ण पुसून रिसेट मारा, क्लायंटचा एकही कागद राहता कामा नये, आणि मूळ बिलाची झेरॉक्स तिच्याकडे देऊन टाका. बायॉसमधली की आहे, पहिल्यांदा नेट लागलं की तिच्याकडे आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होईल. तुमच्या फाईलमध्ये त्या सिरियल नंबरसमोर 'दिलं' आणि तारीख लिहून ठेवा.